उद्यमबागेत करून घेतलेलं डायनोसिस्टचं मॉडेल, सविस्तर रिव्ह्यू

जिऑलॉजी नाहीतर बॉटनी शिकवणाऱ्या कुणाला आपल्या बेळगाव भागात शिकवण्यासाठी मॉडेल करून घ्यायचं असेल तर हे नक्की वाचा, कारण मी शोधत होते तेव्हा असा रिव्ह्यू मला कुठंच मिळाला नाही. उद्यमबागेत एक पॅटर्न शॉप आहे, म्हणजे फाउंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न आणि कोअर बॉक्स (पार्टच्या आतल्या पोकळीसाठीचे साचे) करणारे, आता थ्रीडी प्रिंटिंगपण करतात. त्यांच्याकडून मी एका फॉसिल डायनोफ्लॅजेलेट सिस्टचं मॉडेल करून घेतलं, स्पीशीजचं नाव स्पिनिफेरायटिस रॅमोसस. पाचपैकी साडेचार स्टार देते, अर्धा कुठं कापला ते खाली येईलच. शॉपचं नाव टाकत नाहीये कारण मालकांनीच सांगितलं, मॅडम नाव नका टाकू, आहेत ती फाउंड्रीची कामंच उरकेनात. तिसऱ्या रेल्वे गेटकडून आत आलात की पॅटर्नवाले मामा म्हणून विचारा, कुणीही दाखवेल.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते म्हणजे पुढचं सगळं कळेल. डायनोफ्लॅजेलेट म्हणजे पाण्यातला एकपेशीय जीव, दोन फ्लॅजेला असतात, एक कमरेभोवतीच्या आडव्या खाचेत फिरतो आणि दुसरा मागच्या बाजूला लांब सुटतो. आडव्या खाचेला सिंग्युलम म्हणायचं, पोटाकडच्या उभ्या खाचेला सल्कस. गोव्याला नाहीतर कारवारला रात्री लाटा निळ्या चमकतात तो नॉक्टिल्युका, तोही डायनोफ्लॅजेलेटच, खरं तो आपल्याला फॉसिलमधे मिळणार नाही. पोहणाऱ्या पेशीला सेल्युलोजच्या प्लेटांचं कवच असलं तरी ते लवकर कुजून जातं. काही जाती मात्र लैंगिक प्रजननानंतर जाड भिंतीची सिस्ट करतात, ती तळाच्या गाळात पडून राहते आणि परिस्थिती बरी झाली की आतली पेशी भिंतीला दार पाडून बाहेर पडते, मागं उरते ती रिकामी सिस्ट. ही भिंत डायनोस्पोरिन नावाच्या सेंद्रिय पदार्थाची, इतकी चिवट की दगडाचा तुकडा आधी हायड्रोक्लोरिक आणि मग हायड्रोफ्लोरिक अॅसिडमधे विरघळवून टाकला तरी सिस्ट तशीच राहते. आजच्या जातींपैकी साधारण १५ टक्केच अशी टिकणारी सिस्ट करतात, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं कितीतरी ह्या थोडक्या जातींनी सांगितलेलं आहे. मला हा विषय शिकवायला फार आवडतो आणि पोरांपर्यंत तो नुसता फळ्यावरच्या आकृतीनं पोचत नाही हे दर वर्षी जाणवतं, म्हणून मॉडेलचा खटाटोप.

रेडीमेड मॉडेल ऑनलाइन शोधली तर जी मिळतात ती सेरॅशियमची नाहीतर पेरिडिनियमची, म्हणजे पोहणाऱ्या पेशीची. एका सप्लायरनं तर फॉसिल डायनोफ्लॅजेलेट असं बिलावर लिहून शिंगांचं सेरॅशियम पाठवलं, त्याला ना काटे ना आर्किओपाइल, म्हणजे सिस्टचं दार, ते परत केलं. फॉसिल म्हणून जे सापडतं ते सिस्टचं शरीर आणि त्याची अॅनाटॉमी पूर्ण वेगळ्या अंगानं शिकावी लागते.

आता कामाकडे येते. मॉडेल ५००० पट मोठं करायचं ठरवलं. सिस्टचं मधलं शरीर ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरलं की ते २० सेंटिमीटरचं होतं, बाकावर ठेवून शेवटच्या रांगेतनं दिसेल एवढं. काटे, म्हणजे प्रोसेस, १४ मायक्रॉनचे धरले, ते झाले ७ सेंटिमीटरचे. हे प्रमाण असंच राहिलं पाहिजे हे मी मामांना पहिल्याच दिवशी सांगितलं कारण वर्णन करताना ह्याच प्रमाणावरून सिस्टचा प्रकार ठरतो. काटा शरीराच्या व्यासाच्या १० टक्क्यांपेक्षा आखूड असेल तर प्रॉक्सिमेट सिस्ट, १० ते ३० टक्के असेल तर प्रॉक्सिमोकोरेट आणि ३० टक्क्यांच्या वर गेला की कोरेट. आपलं ३५ टक्के, कोरेट. प्रिंटिंगवाले बऱ्याच वेळा लांब बारीक काटे मोडतील म्हणून आखूड आणि जाड करून टाकतात, इथं तसं केलं नाही, तयार मॉडेलवर मी स्वतः स्केल लावून बघितलंय, बरोबर ७ सेंटिमीटर आहेत.

ह्या शॉपचं खरं वैशिष्ट्य म्हणजे मामा विचारतात. दुसऱ्या एका प्रिंटिंगवाल्याकडे आधी गेले होते, शहरातच, त्यानं फोटो बघितला, होतंय की म्हणाला आणि रेट सांगितला, बस. मामांनी फोटो हातात घेऊन पहिला प्रश्न काय विचारला तर, "मॅडम, ह्याची पार्टिंग लाइन ही मधली खाच काय?" पॅटर्नवाल्याच्या डोळ्याला सिंग्युलम म्हणजे दोन भाग जोडायची जागाच वाटणार. मी म्हटलं नाही मामा, तिथं जोड नाही, वरचा भाग एपिसिस्ट आणि खालचा हायपोसिस्ट असं आम्ही म्हणतो खरं भिंत सलग आहे. मग दुसरा प्रश्न, "बरं, मग हे एलएच हाय का आरएच?" फाउंड्रीत डाव्या बाजूचा पार्ट आणि उजव्या बाजूचा पार्ट वेगळे असतात, दिसायला सारखे आणि एकमेकांच्या जागी न बसणारे. हा प्रश्न ऐकला आणि मी तिथंच ठरवलं की काम ह्यांनाच द्यायचं, कारण डायनोसिस्टला डावं-उजवं असतं आणि बाहेरच्या माणसानं न सांगता ते विचारावं ह्याचं मला खरंच कौतुक वाटलं.

काय असतं बघा, सिंग्युलम शरीराभोवती पूर्ण गोल फिरून स्वतःला मिळत नाही. पोटाच्या बाजूला त्याची दोन टोकं वरखाली असतात. पेशीच्या डाव्या अंगाचं टोक वर, म्हणजे शिखराकडे, आणि उजव्या अंगाचं टोक खाली. आपण पोटाकडून बघतो तेव्हा पेशीचं डावं अंग आपल्या उजव्या हाताला येतं, त्यामुळे विद्यार्थी इथं हमखास गोंधळतात.

आणि नेमकं इथंच ट्रायल प्रिंटमधे गडबड झाली. शॉपमधे डिझाइन करणारा एक हुशार पोरगा आहे, त्यानं माझ्या मायक्रोस्कोपच्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर आकार चढवला. आता सिस्ट पारदर्शक असते, ती पाठ वर करून पडली असेल तर वरच्या फोकसला पाठ दिसते, फोकस खाली नेत गेलं की पोटाची बाजू दिसायला लागते, खरं ती आतून दिसते, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी. त्या पोरानं दोन्ही फोटो सरळ बाहेरून चढवले. छोटी ट्रायल प्रिंट हातात आली, दिसायला एकदम देखणी, मी अजून काटे बघत होते तोवर मामांनी सिंग्युलमच्या खाचेतनं अंगठा फिरवला आणि दोन्ही कडांना येऊन थांबले, पाठीवरून येणारी खाच आणि पोटाकडची खाच तिथं एका लेव्हलला नव्हती, पायरी पडत होती. "एक बाजू आरएच झाली बघा मॅडम, हे जुळंना." मग मी फोकसचा सगळा प्रकार समजावून सांगितला आणि तो पोरगा लगेच म्हणाला, म्हणजे कोअर बॉक्सच की, आतनं बघितलं की उलटंच. पोटाचा भाग मिरर केला, खाच जुळली. पॅलिनॉलॉजीचा, म्हणजे असल्या सिस्ट आणि परागकणांच्या अभ्यासाचा, कोर्स केलेल्या मुलांना जे दोन-दोन महिने लागतं ते इथं चहा संपायच्या आत झालं. ती चुकीची ट्रायल प्रिंट मी मागून घेतलीय, वर्गात दोन्ही शेजारी ठेवते आणि कुठलं खरं ते पोरांना ओळखायला लावते, हाय फोकस लो फोकस समजावून सांगायला ह्याच्याइतकं चांगलं काही नाही.

भिंत दोन थरांची आहे, आतला एंडोफ्रॅगम आणि बाहेरचा पेरिफ्रॅगम. स्पिनिफेरायटिसमधे काटे सोडून बाकी ठिकाणी हे दोन्ही थर एकमेकांना चिकटलेले असतात, काटे आणि प्लेटांच्या सीमेवरचे बारीक कंगोरे बाहेरच्या थरातनं निघतात. मॉडेलमधे आतला थर गडद तपकिरी आणि बाहेरचा फिकट मधाळ रंगाचा केलाय, दाराच्या कडेला दोन्ही थर दिसतात, छान झालंय.

आता प्लेटांबद्दल, ह्या भागावर माझा आणि मामांचा बराच वेळ गेला. त्यांचं म्हणणं होतं की प्लेटा सुट्या सुट्या प्रिंट करून जोडूया, फिनिशिंग चांगलं येईल. मी ठाम नाही म्हटलं. पोहणाऱ्या पेशीचं कवच खरंच प्लेटांचं असतं, सिस्टचं नसतं. सिस्टची भिंत एकसंध, तिच्यावर फक्त त्या प्लेटांच्या सीमांचा ठसा उमटलेला असतो, कुठं कंगोऱ्यांनी, कुठं काट्यांच्या जागांनी. सुट्या प्लेटा जोडल्या असत्या तर मॉडेल बघून पोरं कायमचं चुकीचं शिकली असती. म्हणून शरीर सलग प्रिंट केलं आणि प्लेटांच्या गटांना फक्त हलका वेगवेगळा टिंट दिला. शिखराजवळच्या एपिकल प्लेटा, त्याखाली सिंग्युलमला टेकलेल्या सहा प्रीसिंग्युलर, मग सिंग्युलममधल्या सहा, त्याखाली पोस्टसिंग्युलर, एक पोस्टेरियर इंटरकॅलरी आणि तळाला एक अँटअॅपिकल. ही मोजायची पद्धत कोफॉइडची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, पोटाच्या डाव्या अंगापासून सुरू करून पाठीमागून फिरत उजव्या अंगापर्यंत नंबर द्यायचे. नंबर मॉडेलवर छापले नाहीत, मुद्दाम, पोरांनी खडूनं घालायचे आणि पुसायचे. वरून मॅट लॅकर मारून दिलंय त्यामुळे खडू बसतो आणि पुसलाही जातो, ही आयडिया मामांची.

काट्यांच्या जागा मामांना सांगताना मला फरशी आठवली. षटकोनी फरशी बसवली की तीन फरश्या एका बिंदूला मिळतात, तिथं एक खुंटी ठोकली की तो गोनल काटा, आणि दोन फरश्यांमधल्या सरळ जोडावर ठोकली तर इंटरगोनल. रॅमोससमधे गोनल काट्याचं टोक तीन फांद्यांचं होतं, आणि प्रत्येक फांदीचं टोक पुन्हा दुभंगलेलं. इंटरगोनल काटा असला तर त्याला दोनच फांद्या. कारण उघड आहे, तीन सीमा जिथं मिळतात तिथं तीन फांद्या, दोन बाजूंची एकच सीमा असेल तिथं दोन. हे एकदा डोक्यात बसलं की स्लाइडवर तुटकी सिस्ट मिळाली तरी एका काट्यावरून तुम्ही सांगू शकता तो कुठल्या जागेचा.

आणि ह्या जागांवरच ओळख ठरते. काटे असेच गोनल आहेत खरं त्यांना जोडणारे कंगोरे नाहीत, तर ती अॅकोमोस्फेरा. प्लेटच्या मधोमध एक एक काटा आणि सिंग्युलमवर एकही नाही, तर ऑलिगोस्फेरिडियम. स्पिनिफेरायटिसच पण दोन गोनलांच्या मधे इंटरगोनल काट्यांची गर्दी आहे तर हायपरअॅकँथस, आणि त्याच्याच जोडीला तळाला पडद्यानं जोडलेल्या काट्यांचा मोठा झुपका आहे तर मिराबिलिस. शिखरावर ठळक उंचवटा आला तर बेंटोरी बघायचं. म्हणून मी काटे शरीराला पक्के चिकटवू दिले नाहीत, भोकात बसणारे केलेत, काढून दुसऱ्या पद्धतीनं लावता येतात. जास्तीचे इंटरगोनल काटेपण करून घेतलेत आणि त्यांची भोकं झाकायला छोटी बुचं आहेत. त्यामुळे एकाच मॉडेलवर रॅमोसस दाखवायचं, मग इंटरगोनल वाढवून हायपरअॅकँथसकडे कसं जातं ते दाखवायचं. हे काम अफलातून झालंय, भोकं सगळी एका मापाची, काटा ना ढिला ना घट्ट.

तो अर्धा स्टार इथंच कापला. सगळे गोनल काटे एकाच डिझाइनची कॉपी आहेत, हुबेहूब. निसर्गात तसं नसतं, आणि रॅमोससमधे तर नसतंच. ही स्पीशीज बदलासाठी प्रसिद्ध आहे, काही बारीक लांब काट्यांच्या, काही आखूड, काहींची भिंत गुळगुळीत, काहींची दाणेदार. १९६६ मधे डेव्ही आणि विल्यम्स यांनी इंग्लंडमधल्या नमुन्यांवरून ह्याच्या कितीतरी व्हरायटी केल्या, ग्रॅसिलिस, ग्रॅनोसस, मल्टिब्रेव्हिस वगैरे, आणि त्यातल्या काही पुढं वेगळ्या स्पीशीज म्हणून वर नेल्या गेल्या. मी काट्यांचे चार-पाच वेगवेगळे आकार कागदावर काढून दिले होते. डिझाइन करायला वेळ लागतोय म्हणून एकच घेतला आणि मला आधी विचारलं नाही. बाकी एवढं विचारणाऱ्या शॉपनं हेही विचारायला हवं होतं. सांगितल्यावर आणखी दोन आकार करून द्यायचं कबूल केलंय.

दार, म्हणजे आर्किओपाइल, हा मॉडेलचा सगळ्यात भारी भाग. पेशी बाहेर पडताना भिंतीचा एक ठरावीक तुकडा निघून जातो, तो तुकडा म्हणजे ऑपरक्युलम. स्पिनिफेरायटिसमधे तो पाठीवरचा प्रीसिंग्युलर नंबर तीन असतो, नेहमी तोच. सलग भिंतीतला हा एकच तुकडा प्लेटच्या सीमेवरून खरा सुटतो, म्हणून मॉडेलमधेही फक्त तोच सुटा आहे. आत बारीक मॅग्नेट बसवलेत, बोटानं ढकललं की निघतो, ठेवला की टक करून बसतो. कडेला कुठं फट दिसत नाही. पोरांना आधी मॉडेल बंद देते, दार कुठं असेल ते प्लेटा मोजून शोधा म्हणते, आणि बरोबर जागी हात लावला की निघतंच, तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

ह्या दारावरनंच तर सगळा इतिहास फिरलाय. बर्लिनच्या एहरनबर्गनं १८३० च्या दशकात चकमकीच्या पातळ कपच्यांत हे काटेरी गोळे बघितले आणि त्यांना झँथिडियम म्हणून गोड्या पाण्यातल्या डेस्मिड शैवालात टाकलं. इंग्लंडच्या मँटेलनं १८५० मधे ते वेगळे म्हणून स्पिनिफेरायटिस हा वंश केला. पुढं १९३३ मधे ओटो वेट्झेलनं हिस्ट्रिकोस्फेरा नाव आणलं आणि बरीच वर्षं असल्या सगळ्या काटेरी गोळ्यांना हिस्ट्रिकोस्फिअर म्हणायची पद्धत होती, नेमके कशाचे ते कळत नव्हतं. १९६१ मधे अमेरिकेच्या एव्हिटनं दाखवून दिलं की त्यांच्यावरचं भोक वेडंवाकडं फुटलेलं नाही, एका ठरावीक प्लेटच्या आकाराचं आणि जागेचं आहे, काटेही प्लेटांच्या मांडणीनुसार आहेत, म्हणजे ह्या डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्ट आहेत. ज्यांचं असं काही जुळत नव्हतं त्यांच्यासाठी त्यानंच १९६३ मधे अॅक्रिटार्क हा गट केला. मग अमेरिकेतल्या वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेत वॉल आणि डेल यांनी आजच्या समुद्राच्या गाळातल्या जिवंत सिस्ट उबवून बघितल्या, स्पिनिफेरायटिसच्या सिस्टमधून बाहेर आला गोनिऑलॅक्स स्पिनिफेरा गटातला जीव. त्यामुळे आज एकाच जीवाला दोन नावं चालतात, पोहणाऱ्या पेशीचं वेगळं आणि सिस्टचं वेगळं. मला स्वतःला ही दोन नावांची पद्धत योग्यच वाटते, कारण त्या एका गोनिऑलॅक्स गटाखाली एकापेक्षा जास्त सिस्टचे प्रकार येतात, आणि फॉसिलवाल्याच्या हातात असते ती फक्त सिस्ट.

मॉडेलसोबत स्टँडला एक पाटी करून घेतलीय, वर्गीकरणाची, १९९३ ला फेन्सम आणि सहकाऱ्यांनी जिवंत आणि फॉसिल दोन्ही एकत्र धरून जी मांडणी केली तिच्यावरून. डिव्हिजन डायनोफ्लॅजेलाटा, क्लास डायनोफायसी, सबक्लास पेरिडिनिफायसिडी, ऑर्डर गोनिऑलॅकेल्स, फॅमिली गोनिऑलॅकेसी, मग स्पिनिफेरायटिस रॅमोसस. लेसर कटिंग स्वच्छ आहे, स्पेलिंग मामांनी दोन वेळा माझ्याकडून तपासून घेतलं. गोनिऑलॅकेल्स का हे मॉडेलवरच दाखवता येतं, तळाला अँटअॅपिकल प्लेट एकच आहे, पेरिडिनिएल्समधे दोन असतात, आणि तिकडं दार बहुतेक वेळा प्रीसिंग्युलरमधे न पडता त्याच्या वरच्या इंटरकॅलरी प्लेटमधे पडतं.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे शरीर फिलामेंटच्या प्रिंटरवर केलंय त्यामुळे थरांच्या बारीक रेघा येतात. दिसायला फार वाईट नाही खरं ह्या विषयात चालणार नाही, कारण भिंतीवरचं नक्षीकाम हेच ओळखीचं लक्षण असतं आणि पोरं त्या रेघांना भिंतीची रचना समजतील. सांगितल्यावर घासून, पुट्टी मारून, परत घासून दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तुम्ही करायला द्याल तेव्हा आधीच सांगा. दुसरं म्हणजे काटे रेझिनच्या प्रिंटरवर केलेत, टोकं अगदी बारीक आणि शार्प आली आहेत, पण ठिसूळ, खाली पडला की टोक उडतं. बदलता येतात म्हणून मी तक्रार करत नाही, जास्तीचे काटे ऑर्डरमधेच घालून घ्या. पॅकिंग उत्तम, फोमच्या खोक्यात प्रत्येक काट्याला वेगळी खाच, खानापूरपर्यंत एसटीनं मांडीवर नेलं, एकही टोक मोडलं नाही.

वेळेच्या बाबतीत, गणपतीच्या दिवसांत देऊ नका, तेव्हा निम्मी माणसं गावाकडं असतात आणि काम लांबतं, माझं लांबलं. फोन उचलतात, खोटी तारीख सांगत नाहीत. मामा मराठी, डिझाइनचा पोरगा कन्नड, दोन्हीकडून बोलता येतं, त्याला मराठी पूर्ण कळतं. खर्च म्हणाल तर शरीराचं फिलामेंट ग्रॅमवर, रेझिनचं वेगळं आणि डिझाइनचं वेगळं धरतात, सगळं मिळून एका बऱ्या स्टुडंट मायक्रोस्कोपच्या निम्म्याहून कमी पडलं. डिझाइनची फाइल आमच्याकडेच दिली, दुसऱ्या कॉलेजला मॉडेल हवं असेल तर मी ती द्यायला तयार आहे, मग डिझाइनचा खर्च पडणार नाही.

वर्गात वापरून बघितल्यावर काय फरक पडला ते सांगते. निपाणीकडच्या एका मुलीनं विचारलं मॅडम आपल्या गोकाकच्या धबधब्याच्या दगडात हे मिळेल काय. फार चांगला प्रश्न. नाही मिळणार, तो कलादगीचा वाळूखडक प्रोटेरोझोइक काळातला, ५४ कोटी वर्षांपेक्षाही जुना, आणि डायनोसिस्टचा खात्रीचा रेकॉर्ड सुरू होतो त्याच्या बऱ्याच नंतरच्या ट्रायासिकपासून, म्हणजे डायनोसॉर आले त्या काळापासून. त्याच्यावरचा डेक्कनचा काळा दगड हा लाव्हा, त्यातही नाही, आणि वरचा जांभा तर ह्याच दगडांची झीज होऊन झालेला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात पायाखाली एक तर फार जुनं आहे नाहीतर आगीतनं आलेलं. भारतात फॉसिल डायनोसिस्ट बघायच्या तर कावेरी खोऱ्यातला अरियलूर, तिरुचिरापल्लीकडचा क्रेटेशियस, कच्छचा ज्युरासिक, मेघालय, अशा समुद्री थरांकडे जावं लागतं. आणि स्पिनिफेरायटिसच बघायचा असेल तर तेवढं लांबही नको, घाट उतरून अरबी समुद्राच्या किनाऱ्याचा आजचा गाळ घेतला तरी मिळतो, कारण ही मंडळी अर्ली क्रेटेशियसपासून आजपर्यंत टिकून आहेत. एवढा लांब पल्ला असल्यामुळे दगडाचं नेमकं वय सांगायला रॅमोससचा उपयोग नाही, त्यासाठी कमी काळ जगलेल्या जाती लागतात, ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी एकदम तापली तेव्हा समुद्रात जगभर वाढलेला अपेक्टोडिनियम हे त्याचं चांगलं उदाहरण. तरी शिकवायला मी रॅमोससच निवडला, कारण गोनिऑलॅकेल्सचं सगळं व्याकरण, सिंग्युलम, प्लेटा, काटे, दार, ह्याच्यावर स्पष्ट दिसतं आणि तो स्लाइडवर मिळण्याची शक्यताही जास्त.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ह्या वेळी मुलांनी आर्किओपाइलची जागा स्लाइडवर फोकस वरखाली करून स्वतः सांगितली, त्याआधी सिस्ट पोटाकडून पडलीय की पाठीकडून हेही लिहिलं. हे पूर्वी होत नव्हतं.

पुढची ऑर्डर दिलीय, पेरिडिनिएल्समधली एक सिस्ट, शिंगांची, इंटरकॅलरी दाराची, म्हणजे दोन्ही ऑर्डर शेजारी ठेवून दाखवता येतील. तुम्ही जाणार असाल तर कॅड फाइल नसली तरी चालतंय, फोटो घेऊन जा, फक्त प्रत्येक फोटोच्या मागं कुठल्या बाजूचा, हाय फोकस की लो फोकस, आणि शिखर कुठल्या दिशेला ते पेननं लिहून न्या, स्केल बारसकट. संध्याकाळी चारनंतर गेलात तर मामा निवांत भेटतात, सकाळी फाउंड्रीची गाडी येते तेव्हा बोलायला वेळ नसतो.